मुलांच्या वहीतले अर्थशास्त्र

'हल्लीच्या मुलांना स्वतःच्या अशा चार ओळी लिहिता येत नाहीत', ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नित्य ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण अपुरी आहे. लिहिता येत नाही, की लिहू दिले जात नाही, याचा निवाडा आधी व्हायला हवा. पाचवीपासून मुलांच्या हाती तयार निबंधांचे पुस्तक पडते. विषय ठरलेले, वाक्येही ठरलेली. शेतकऱ्याचा मुलगा 'शेतकऱ्याचे मनोगत' लिहितो, तेही गाईडातून! हीच मुले पुढे महाविद्यालयात येतात आणि पहिल्याच तासाला विचारतात, 'सर, नोट्स देणार ना?' वीस वर्षे हा प्रश्न ऐकल्यावर शिकवण्याचा उत्साह ओसरू लागला, तर नवल नव्हे.

अशा मनःस्थितीत गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका तालुक्याच्या गावी भरलेल्या बाललेखन-शिबिरात दोन दिवस मदतनीस म्हणून राहण्याचा योग आला. पहिल्या सकाळी 'पावसाळा' या विषयावर तीस मुलांनी जवळजवळ एकच निबंध लिहिला. संचालक बाईंनी वह्या मिटायला सांगितल्या आणि विचारले, 'काल रात्री तुमच्या घरी पैशांवरून काय बोलणे झाले?' मुले प्रथम बुजली, मग लिहू लागली.

एका मुलीने आईच्या बचत गटाचा हप्ता आणि किराणा दुकानातील उधारीची वही, या दोहोंची ओढाताण दीड पानात मांडली. सहावीतल्या एका मुलाने वडिलांबरोबर कांदा विकायला गेल्याची हकिगत लिहिली. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती उरले, हे त्याने हिशेबपट्टीवरून जसेच्या तसे उतरवले होते. पुढे एकच वाक्य होते : परतताना वडील काही बोलले नाहीत, पण मला भेळ घेऊन दिली. नाशवंत मालाच्या विक्रेत्याला भावासाठी थांबता येत नाही, हा सिद्धान्त आम्ही आलेख काढून शिकवतो. त्या मुलाने तो पाहिला होता. आणि आलेखात न मावणारे बरेच काही त्याच्या वाक्यात होते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या सुधारता येतात. न पाहिलेले मात्र कोणत्याही नियमाने लिहिता येत नाही.

हा मार्ग नवा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना सानेगुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत. इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यातील आठ मुलांनी मिळून लिहिलेले शिक्षिकेस पत्र 1967 साली प्रसिद्ध झाले. गरिबांची मुले शाळेतून कशी गळतात, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्यांना शाळेने नापास केले होते, हे विशेष!

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, असा आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. परंतु प्रत्येक वही लाल शाईने रंगवलीच पाहिजे, असे थोडेच आहे? आठवड्याचा एक तास, घरचा किंवा वाटेवरचा एक प्रश्न आणि दोन-तीन वह्यांचे वर्गात वाचन, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यास अनुदान लागत नाही. परीक्षेच्या पलीकडे पाहण्याची तयारी लागते.

यंदा प्रथम वर्षाच्या वर्गात मागणीचा नियम सांगण्यापूर्वी प्रत्येकाला घरच्या महिन्याच्या खर्चावर एक पान लिहायला सांगितले. मागच्या बाकांवरून प्रथमच प्रश्न येऊ लागले आहेत. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनाच आहे. पण भाषेचे भांडवल ताम्रपटांत नसून मुलांच्या वहीत असते. आणि ते तिथे उसन्या वाक्यांनी कधीच वाढत नाही.