क्लोरीनवर श्वास घेणारे

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड इथे जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटर बनवण्याचे कारखाने होते. कपॅसिटरमध्ये भरायला पीसीबी हे तेलकट रसायन लागे. ते सहज पेटत नाही, वर्षानुवर्षं बिघडत नाही. 1947 ते 1977 या काळात ते नदीत जात राहिलं. सरकारी अंदाज 13 लाख पौंडांपर्यंतचा, म्हणजे जवळपास 6 लाख किलो. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं. मग गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माशांतून माणसांत पोचतं. 1976 साली वरच्या हडसनमधली मासेमारी बंद करावी लागली.

पीसीबीचा चिवटपणा क्लोरीनमुळे. दोन जोडलेल्या कड्यांवर एकापासून दहापर्यंत क्लोरीनचे अणू बसतात आणि त्यांच्या जागांनुसार 209 प्रकार होतात. क्लोरीन जास्त असेल तर ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंचं त्या रेणूपुढे फारसं चालत नाही. पण खोल गाळात ऑक्सिजन नसतोच. 1987 साली जनरल इलेक्ट्रिकचेच शास्त्रज्ञ जॉन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तिथे जड रेणू घटलेत आणि हलके वाढलेत. पुढच्याच वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठात हडसनच्या गाळातले विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविना जगणारे, जिवाणू बंद बाटल्यांत वाढवून हेच घडवून दाखवण्यात आलं.

हे जिवाणू क्लोरीन खात नाहीत. त्यावर श्वास घेतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो, हे क्लोरीनयुक्त रेणूला. क्लोरीन निघून जातो, त्या जागी हायड्रोजन येतो. 1997 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इथाका गावच्या सांडपाण्याच्या गाळातून ‘डिहॅलोकोकॉइडिस’ हा असाच एक जिवाणू वेगळा केला. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं टेट्राक्लोरोएथिलीन तो थेट निरुपद्रवी एथिलीनपर्यंत नेतो. हा योग्य जिवाणू नसेल तर काम अनेकदा अर्ध्यावर, व्हिनाइल क्लोराइडवर अडतं आणि ते तर माणसात कर्करोग घडवणारं. अर्धवट सफाई किती घातक ठरू शकते ते इथे दिसतं.

पीसीबीचंही काम अर्धवटच राहतं. बाजूचे क्लोरीन निघतात, डायॉक्सिनसारखा विषारीपणा उतरतो, पण कड्या शाबूत राहतात. त्या तोडायला पुन्हा ऑक्सिजनवाले जिवाणू हवेत. जनरल इलेक्ट्रिक कंपनी म्हणत राहिली, नदी आपली आपण स्वच्छ होते आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासणीत मात्र दिसलं, की पीसीबी विरळ असेल तिथे जिवाणूंचं काम जवळपास थंडावतं आणि एकूण साठा फारसा घटत नाही. ब्राउन यांचा शोध मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या आधाराने गाळ तसाच ठेवण्याचा आग्रह मात्र पटत नाही. अखेर 2002 मध्ये गाळ उपसायचा निर्णय झाला आणि 2009 ते 2015 या वर्षांत सुमारे 21 लाख घनमीटर गाळ काढला गेला.

उपसा महागडा, शिवाय विष नुसतं दुसरीकडे नेणारा. म्हणून मला बाल्टिमोरचे संशोधक केविन सॉवर्स यांचं काम आशादायक वाटतं. त्यांच्या गटाने विनॉक्सी आणि ऑक्सिजनवाले, दोन्ही प्रकारचे जिवाणू सक्रिय कोळशाच्या गोळ्यांवर बसवले. कोळसा पीसीबी धरून ठेवतो, त्यामुळे पाण्यात कमी सुटतं आणि जिवाणूंना ते जागेवर मिळतं. गोळ्या वरून टाकायच्या. गाळातले किडेच त्या खाली मिसळतात. व्हर्जिनियात क्वांटिकोच्या एका तळ्यात वर्षभराहून थोड्या अधिक काळात गाळातलं पीसीबी जवळपास निम्म्यावर आलं. गाळात पीसीबीचे दाट साठे आहेत तिथे मात्र अजून आधी उपसाच करावा लागेल. गोळ्या त्यानंतर उरलेल्या विरळ, पसरलेल्या विषासाठी.