कार की व्हॅन? आधी माणसं मोजा!

रामनवमीची यात्रा उठली की पोहरादेवीत साफसफाईचं काम निघतं. खोल्या, सतरंज्या, पाण्याच्या टाक्या. माझ्या मामेभावाने तीन मित्रांना घेऊन हाच धंदा करायचं ठरवलंय आणि महिनाभर घरात एकच वाद चालू आहे: सेकंडहँड कार घ्यायची की ईको कार्गो?

मामी कारच्या बाजूने. घरच्यांनाही फिरता येईल ना! पण प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पाइप आणि शिडी कुठे ठेवणार? ओले पाइप मागच्या सीटवर आणि अ‍ॅसिडचा वास सगळ्यांच्या नाकात. व्हॅनमध्ये हे सगळं सहज मावतं. शिवाय एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. साधं एलएमव्ही लायसन्सही चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. फिटनेस मात्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी करून घ्यावं लागतं.

मग अडलं कुठे? कार्गोत सीट दोनच, आणि हे चौघं. उरलेले दोघं? "मागं बसतील, आपल्याकडं सगळेच बसतात," भाऊ म्हणाला. बसतात, खरंय. इथल्या तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला ट्रकच्या मागेच बसून जातात. पण मालाच्या जागी माणूस बसवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण त्याच्याच घरच्यांच्या गळ्यात पडतं. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

सध्या ठरलंय ते असं: व्हॅनच, पण दोघं गाडीत, दोघं बाईकवर. मामी अजून माझ्याशी बोलत नाहीये.