उन्हाळा, अंगण आणि विंचू

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं दिवसभर अंगणात, आणि नेमका त्याच दिवसांत विंचूही जास्त दिसतो. दिवसा तो दगड, विटा, सरपण, गोवऱ्या यांच्या ढिगाखाली गारव्याला दडतो. रात्री झुरळं, रातकिडे खायला बाहेर पडतो. म्हणजे घरात झुरळं झाली की विंचवाला आमंत्रणच!

म्हणून हे ढीग भिंतीपासून लांब रचा, दाराखालची फट आणि भिंतीतल्या भेगा बुजवा. सरपण उचलण्याआधी काठीने हलवायचं. चप्पल-बूट झटकूनच घालायचे, अंथरूण झाडूनच टाकायचं. मुलांना ही सवय लावायला पैसा लागत नाही, आपण रोज आठवण करावी लागते एवढंच. रात्री अंगणात अनवाणी नको. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट-निळा चमकतो. मुलांना हे भारी आवडतं, पण बघायचं लांबूनच.

आता महत्त्वाचं. लाल विंचू लहान मुलाला चावला तर जिवावर बेतू शकतं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं. दुखणं कमी आहे म्हणून गाफील राहू नका. जखम कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून अनेकांचे जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी साधीच आहे, पण ती डॉक्टरांनी द्यायची, आणि लवकर मिळायला हवी.