कॉम्प्रेसरचा वापर आणि श्रवणाचे शिक्षण

निरनिराळ्या मायक्रोफोनांवर स्वतंत्रपणे टिपलेले आवाज एकत्र आणून त्यांतून एकसंध ध्वनिमुद्रण सिद्ध करण्याच्या क्रियेस मिश्रण अथवा मिक्सिंग असे म्हणतात. ह्या कामी योजिल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी कॉम्प्रेसर हे शिकावयास सर्वांत कठीण, असा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांस येतो. ह्याचे कारण उपकरणाच्या गुंतागुंतीत नाही. त्याच्यावरील नॉब चार-पाचच असतात आणि त्यामागील गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही. अडचण आहे ती ऐकण्याची. इक्वलायझर फिरवला की आवाजाचा रंग पालटतो व तो पालट नवख्या कानासही तत्काळ कळतो. कॉम्प्रेसरने केलेला बदल मात्र काळाच्या ओघात, कित्येकदा सेकंदाच्या शतांश भागात, घडून जातो. आणि इतक्या अल्प अवधीत काय झाले हे वेगळे काढून ऐकण्याची सवय कानास मुळात नसते. (संगणकावरील फाइल लहान करण्याच्या क्रियेसही कॉम्प्रेशन असेच नाव आहे, प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नाही.)

आवाजाचा चढउतार आटोक्यात ठेवण्याची गरज ह्या उपकरणाहून जुनी आहे. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे व तार सप्तकातील जोरकस स्वर येताच मान मागे घेत असे. पुढे मायक्रोफोन आला तेव्हा हे काम यंत्रचालकाच्या हाताकडे गेले. परंतु हात कानाच्या मागून चालतो. आवाज मोठा झाला हे कळल्यावरच तो हलणार. नभोवाणीच्या प्रक्षेपकास एवढाही विलंब सोसवत नसे, म्हणून पातळी आपोआप आवरणारी उपकरणे प्रथम त्या क्षेत्रात रूढ झाली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ११०-ए हे उपकरण १९३७ मधले. तिथून ती ध्वनिमुद्रणगृहांत शिरली, आणि संरक्षणासाठी आणलेले हे साधन तेथे हळूहळू घडणीचे साधन बनले.

उपकरणाचे मूळ कार्य थोडक्यात असे सांगता येईल. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा-पातळी. आवाज तिच्या खाली असेतोवर उपकरण स्वस्थ असते. तिच्या वर गेला की वरचा भाग ठरलेल्या गुणोत्तराने आखडला जातो. समजा, उंबरठा उणे २० डेसिबेल व गुणोत्तर ४ : १ आहे. उणे १२ डेसिबेलचा आवाज उंबरठ्याच्या ८ डेसिबेल वर आहे. त्या आठांचे दोन होतील व आवाज उणे १८ वर येईल, म्हणजे घट ६ डेसिबेलची. आता उंबरठा उणे ३० वर नेऊन गुणोत्तर १.५ : १ ठेवले, तर तोच आवाज उंबरठ्याच्या १८ डेसिबेल वर असल्याने अठरांचे बारा होतील, आणि तो पुन्हा उणे १८ वरच येईल. घट दाखविणारा काटा दोन्ही वेळी सहाच दाखवील. पण उणे २४ डेसिबेलचा हळुवार स्वर पहिल्या मांडणीत अस्पर्श राहतो, तर दुसरीत तो २ डेसिबेलने उतरतो. पहिली मांडणी शिखरे छाटते. दुसरी सगळ्या आवाजावर हलका हात ठेवते. केवळ काट्याकडे पाहून काम करणाऱ्यास हा भेद कळणे शक्य नाही.

येथवरचा भाग पाठ्यपुस्तकांत व्यवस्थित आढळतो, आणि बहुतेकांचे शिक्षण येथेच थांबते. वस्तुतः ही आकृती स्थिर ध्वनीची आहे, आणि संगीत स्थिर नसते. कॉम्प्रेसरचे खरे व्यक्तिमत्त्व त्याच्या दोन कालमानांत आहे: आवाज उंबरठा ओलांडल्यावर घट किती वेळात पुरी व्हावी, हा अटॅक, आणि आवाज खाली आल्यावर ती घट किती वेळात सुटावी, हा रिलीज.

अटॅकविषयी एक गैरसमज इतका प्रचलित आहे की, त्याचा उल्लेख करणे भाग आहे. अटॅक ३० मिलिसेकंद म्हणजे उपकरण ३० मिलिसेकंद थांबते व मग काम सुरू करते, असे अनेकजण मानतात. तसे नसते. घट जवळजवळ तत्क्षणीच सुरू होते. तेवढ्या अवधीत ती इष्ट प्रमाणापर्यंत पोचते इतकेच. तेही सर्व उत्पादक सारखे मोजत नाहीत. कोणी एकूण बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पुरा होण्याचा काळ घेतात, तर कोणी ९० टक्के. यास्तव एका उपकरणावरचे आकडे दुसऱ्यावर उतरवून घेण्यात काही अर्थ नाही.

चाटेवरील 'ना' ह्या बोलाचे उदाहरण घेऊ. बोट पडते त्या क्षणीची धार अवघी काही मिलिसेकंद टिकते. त्यानंतर पुडीची आस उरते. अटॅक एका मिलिसेकंदाहून कमी ठेवला तर धारच आखडली जाते. तबला बोथट होतो व गायकाच्या मागे जाऊन बसल्यासारखा वाटतो. तोच अटॅक ३० मिलिसेकंदांवर नेला की धार बव्हंशी निसटून जाते आणि तिच्यामागची आस दबते. परिणामी धार व आस ह्यांतील अंतर पूर्वीपेक्षा वाढते. ध्वनीतील चढउतार कमी करणारे उपकरण, ही जी कॉम्प्रेसरची व्याख्या आरंभी शिकविली जाते, ती येथे अपुरी पडते. एकाच उपकरणाने एकच वाद्य दूर लोटता येते किंवा पुढे आणता येते. फरक असतो काही मिलिसेकंदांचा.

रिलीजचा विचार लयीपासून अलग करता येत नाही. द्रुत तीनताल मिनिटास २४० मात्रांच्या गतीने चालला असेल, तर एका मात्रेस २५० मिलिसेकंद मिळतात. अशा वेळी रिलीज ६०० मिलिसेकंद ठेवला तर एका बोलाची घट सुटण्यापूर्वीच पुढचा बोल येऊन पडतो. घट कधी शून्यावर येतच नाही आणि सारा तबला केवळ काही डेसिबेलने उतरलेला राहतो. उलट, रिलीज फार जलद ठेवण्यातही धोका आहे. १०० हर्ट्झच्या स्वराचे एक कंपन १० मिलिसेकंदांत पुरे होते. अटॅक व रिलीज दोन्ही तितक्याच वेगाचे झाले, तर उपकरण आवाजाची पातळी सोडून प्रत्येक कंपनाच्या मागे धावू लागते, लहरीचा आकार बिघडतो व डग्ग्याची घुमक फाटल्यासारखी ऐकू येते.

ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठे थांबावे, हे सांगणारा एक साक्षीदार आपल्या संगीतात सुदैवाने सतत हजर असतो. तो म्हणजे तंबोरा. गायन, तबला व तंबोरा ह्यांच्या एकत्रित मिश्रणावर कॉम्प्रेसर लावून लक्ष फक्त तंबोऱ्याकडे द्यावे. तबल्याच्या प्रत्येक जोरकस बोलासरशी तंबोरा खाली जाऊन पुन्हा वर येऊ लागला, जणू तो श्वास घेत आहे असे वाटू लागले, तर उपकरण काय करीत आहे हे डोळे मिटूनही कळते. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रकांनी ह्या दोषास पंपिंग असे नाव दिले आहे. ढोलताशांच्या गजरात तो लपून जातो. तंबोऱ्याच्या अखंड नादात तो लपत नाही. श्रवणाच्या शिक्षणास ह्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

कोणत्या उपकरणावर शिकावे, हाही प्रश्न येतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी जिम लॉरेन्स ह्यांनी सिद्ध केलेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-२ए ह्या कॉम्प्रेसरवर मुख्य नॉब दोनच आहेत. त्याच्या अंतरंगात एक प्रकाशमान पट्टी व प्रकाशसंवेदी रोधक असतो. घट जितकी मोठी व दीर्घ, तितका तो रोधक सावकाश पूर्ववत होतो. गळ्यासाठी हे उपकरण अतिशय सोयीचे, आणि त्याच्या संगणकीय प्रतिकृती आज सर्वत्र मिळतात. परंतु ज्यात अटॅक व रिलीज बदलताच येत नाहीत, त्यावर शिकणारा त्यांचा परिणाम ऐकणार कसा? त्याच दशकाच्या उत्तरार्धात बिल पुटनम ह्यांनी रचलेला ११७६ हा दुसऱ्या टोकाचा. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंदांत फिरतो, म्हणजे त्याचा सर्वांत संथ अटॅकही एका मिलिसेकंदाच्या आत आहे. शिवाय नॉब उजवीकडे फिरवला की काळ वाढण्याऐवजी कमी होतो, हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी नेमके उलटे निष्कर्ष काढले आहेत. आरंभीच्या अभ्यासास संगणकावरील एखादा साधा कॉम्प्रेसर, ज्याचे सर्व आकडे विस्तृत मर्यादेत फिरतात, तोच बरा.

अभ्यासाचा क्रमही रूढ क्रमाच्या उलट असावा. सर्वसाधारण विद्यार्थी प्रथम उंबरठा लावतो, मग गुणोत्तर, आणि कालमाने आली तशी राहू देतो. मायकेल पॉल स्टॅव्ह्रू ह्या ध्वनिमुद्रकाने आपल्या पुस्तकात अटॅक, रिलीज, गुणोत्तर व शेवटी उंबरठा असा क्रम पुरस्कारला आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तो निःसंशय श्रेष्ठ होय. मध्यलयीतील एकल तबल्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुनःपुन्हा वाजत ठेवावा. गुणोत्तर २० : १ करावे व उंबरठा इतका खाली आणावा की, १५ डेसिबेलपर्यंत घट व्हावी. रिलीज अत्यंत जलद ठेवावा. ही मांडणी कानास असह्य वाटेल. वाटावीच, कारण परिणाम प्रथम ढोबळ स्वरूपात ऐकल्यावाचून तो सूक्ष्म स्वरूपात ओळखता येत नाही. मग केवळ अटॅक संथाकडून जलदाकडे आणीत बोलांची धार कोठे नाहीशी होते ते शोधावे. ती जागा सापडली की रिलीज हलवावा व दोन बोलांमधील पोकळी कशी भरते-रिती होते, ती लयीशी जुळते की लयीला अडते, हे ऐकावे. त्यानंतर गुणोत्तर ३ किंवा २ पर्यंत उतरवावे, आणि सर्वांत शेवटी उंबरठा वर नेत परिणाम आवश्यक तेवढाच उरू द्यावा. सुईच्या काट्यावर ह्या अभ्यासात विसंबू नये. व्हीयू पद्धतीच्या काट्यास पुरते सरकावयास सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात द्रुत लयीतला बोल येऊन गेलेला असतो.

ह्या सर्व खटाटोपावर पाणी फिरविणारी एक गोष्ट आहे. कॉम्प्रेसरने शिखरे उतरविल्यावर एकूण आवाज भरपाई म्हणून वाढविला जातो, आणि वाढलेला आवाज माणसास बहुधा अधिक चांगला वाटतो. फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ मध्ये दाखविले की, हळू आवाजात खर्जाकडील स्वर कानास विशेष क्षीण ऐकू येतात. म्हणजे तोच आवाज मोठा केला की तो अधिक भरदार भासणार. अर्ध्या-एक डेसिबेलची वाढ वाढ म्हणून जाणवत नाही, ती गुण म्हणून जाणवते. म्हणून कॉम्प्रेसर लावलेला व न लावलेला आवाज ह्यांची तुलना करण्यापूर्वी दोहोंची जाणवणारी पातळी सारखी करून घेणे हा अभ्यासाचा पहिला नियम समजावा. भरपाई आपोआप करणारी सोय ह्या कामी बंद ठेवावी. शक्य तर बटण दुसऱ्याने दाबावे व ऐकणाऱ्याने पडद्याकडे पाठ करावी. पहिल्या काही दिवसांत असे वारंवार आढळेल की, मोठ्या परिश्रमाने केलेली मांडणी मूळ आवाजापेक्षा उणी ठरली.

ख्यालाच्या बाबतीत ह्या चुकीची किंमत फार मोठी आहे. मंद्र सप्तकात जवळजवळ कुजबुजीने सुरू झालेला आलाप आणि अर्ध्या तासानंतरची गमकयुक्त तान ह्यांतील अंतर हा बढतीचाच भाग असतो. सबंध मैफलीवर बसविलेला कॉम्प्रेसर हे अंतर कमी करतो, आणि काहीही ऐकू येईनासे होत नसल्यामुळे काय गेले हे श्रोत्यास उमगतही नाही. मुद्रणाच्या वेळीच तो लावला असेल तर मूळ अंतर पुन्हा मिळविणे जवळजवळ अशक्य. टेपवर ध्वनिमुद्रण होत असताना फितीची खरखर टाळण्यासाठी तसे करणे समजण्यासारखे होते. २४ बिटांच्या मुद्रणात तत्त्वतः १४४ डेसिबेलची मर्यादा उपलब्ध असताना तसे कारण सहसा उरत नाही. मोठ्या आवाजाच्या स्पर्धेचे कारणही बरेचसे संपले आहे. जाणवणाऱ्या पातळीच्या मोजणीचा आंतरराष्ट्रीय संकेत २००६ मध्ये ठरला, आणि आज अनेक स्ट्रीमिंग सेवा मोठी मुद्रणे आपणच खाली आणतात.

मैफलीच्या मुद्रणात आणखी एक पेच असतो. गायकाच्या मायक्रोफोनात शेजारच्या तबल्याचा आवाज शिरलेला असतो. गळ्यावर ६ डेसिबेलची घट करून तितकीच भरपाई केली, तर गायक दमसास घेण्यास थांबतो त्या जागी हा आगंतुक तबला ६ डेसिबेलने वर उसळतो. म्हणून ओळी-ओळींमधील मोठे चढउतार आधी फेडरने हातानेच सावरावेत. ध्वनिमुद्रणगृहातील ही जुनी रीत संगणकाने अधिकच सोपी केली आहे. कॉम्प्रेसरकडे एखाद्या स्वरावरील अकस्मात उठलेला जोर एवढेच काम ठेवावे, व त्यास दोन-तीन डेसिबेल पुरतात. डग्ग्याचा खर्ज मात्र येथेही आड येतो, कारण मोजणाऱ्या भागास गळा व डग्गा ह्यांतला भेद कळत नाही. डग्ग्यावरील प्रत्येक 'घे' सरशी गायकाचा स्वर दबू लागतो. कॉम्प्रेसरमध्ये आवाज जाण्याचा मार्ग व तो मोजण्याचा मार्ग वेगळे असतात. त्यांपैकी केवळ मोजणीच्या मार्गावर १०० ते १५० हर्ट्झखालील भाग गाळणारा फिल्टर लावला की, डग्गा ऐकू येत राहतो परंतु गळ्याला ओढीत नाही. फिल्टरची नेमकी जागा गायकाच्या पट्टीवर अवलंबून राहील. पुरुषाच्या मंद्रातील स्वर ह्याच क्षेत्रात येतात, तेव्हा तेथे तो थोडा खालीच ठेवावा लागतो.