घरचें यंत्र आणि प्रयोगशाळेचा आकडा

ज्या घरांत मधुमेही वडील माणूस आहे, तेथें देवपूजेइतक्याच नेमानें सांप्रत आणखी एक विधि सकाळीं होतो. नातू आजोबांचें बोट टोंचतो, रक्ताचा थेंब पट्टीला लावतो, आणि कांहीं क्षणांत ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो. परंतु त्याच सकाळीं प्रयोगशाळेंत दिलेल्या रक्ताचा आकडा निराळा आला, म्हणजे घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो यंत्र खोटें, दुसरा म्हणतो प्रयोगशाळा चुकली. आमच्या मतें निकाल देण्यापूर्वीं हे दोन्ही आकडे कसे निघतात तें पाहिलें पाहिजे.

प्रथम यंत्राचें पाहूं. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २०१३ च्या नियमानें, डेसिलिटरमागें १०० मिलिग्रॅम किंवा अधिक शर्करा असतां यंत्राचे शेंकडा ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आंकड्यापासून १५ टक्क्यांच्या आंत असावे लागतात. शंभराच्या खालीं १५ मिलिग्रॅमच्या आंत. म्हणजे खरी शर्करा २०० असतां १७० अगर २३० दाखविणारें यंत्रही नियमाबाहेर जात नाहीं.

आतां प्रयोगशाळेचें. तेथील उपकरण अधिक अचूक खरें. पण नळींत काढलेलें रक्तही जिवंतच असतें. त्यांतील पेशी शर्करा खातच राहतात, आणि साध्या नळींत ती तासाला सुमारें ५ ते ७ टक्के घटते. मुदखेडास काढलेलें रक्त तपासणीसाठीं नांदेडास पाठविलें आणि मध्यें दोन तास गेले, तर घरचा १५० चा आकडा तेथें १३० होऊन आल्यास नवल नाहीं. यासाठीं सोडियम फ्लोराईडची नळी वापरतात. पण तिचा परिणामही पूर्णपणें होण्यास वेळ लागतो. म्हणून रक्त कोणत्या नळींत घेतलें व किती वेळानें तपासलें, हें विचारण्यांत संकोच मानूं नये.

कांहीं दोष घरांतलेच असतात. आंबा चिरलेला हात न धुतां बोट टोंचलें, तर यंत्र आंब्याचीही साखर मोजतें. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच्या उष्णतेंतच ठेवावयाच्या असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हें ध्यानांत ठेवून डबी घरांतील थंड, कोरड्या जागीं घट्ट मिटून ठेवावी. जेवणानंतर बोटांतील रक्तांत शिरेंतील रक्तापेक्षां शर्करा अधिक असते. उपाशीपोटीं हा भेद फारसा राहत नाहीं. आणखी एक गोष्ट घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. अंगांत रक्त कमी असेल, तर अनेक यंत्रें खऱ्यापेक्षां अधिक शर्करा दाखवितात.

हा फरक सर्वांत घातक ठरतो तो शर्करा उतरल्यावेळीं. खरी शर्करा ६० असतां यंत्रानें ७५ दाखविले, तरी तें नियमांतच बसतें. पण तो आकडा पाहून "ठीक आहे" म्हणत कोणी स्वस्थ बसला, तर वडील माणसाच्या जिवावर बेतेल. घाम, कांपरें, घाबरेपणा, बोलण्यांत गोंधळ अशीं लक्षणें दिसतांच आंकड्याशीं हुज्जत न घालतां तीन लहान चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हा तपासावें. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडांत कांहींएक न घालतां रुग्णालय गांठावें.

तेव्हां दोहोंचीं कामें निराळीं आहेत. मधुमेह आहे कीं नाहीं, हें प्रयोगशाळेनें ठरवावें. उपाशीपोटीं १२६ किंवा अधिक आल्यास, व इतर लक्षणें नसल्यास, दुसऱ्या तपासणीनें त्याची खात्री करावी. औषध, आहार व चालणें यांचा रोजचा परिणाम यंत्रानें पाहावा. मात्र एका आंकड्यावरून इन्सुलिनची मात्रा आपल्या मनानें बदलूं नये. तारीख, वेळ, जेवणापूर्वीं कीं नंतर, हें वहींत लिहून ती डॉक्टरांस दाखवावी.

आणि पुढच्या खेपेस उपाशीपोटीं रक्त द्यावयास जातांना घरचें यंत्र बरोबर न्यावें. शिरेंतून रक्त घेतांच तेथेंच बोट टोंचून आकडा टिपावा. दोन्ही आंकड्यांत नेहमींच मोठें अंतर पडूं लागलें, तर नवी पट्टी लावून पाहावी. तरीही न मिटल्यास यंत्र बदलावें. भांडण मिटविण्याचा हा उपाय स्वस्तांतला आहे.