कच्च्या चॉकलेटच्या शोधात

“सूनबाई, येताना ते कच्चं चॉकलेट तेवढं आण हो!”

गेल्या आखाजीच्या आधी धुळ्याहून मामंजींचा फोन आला आणि मला हसूच फुटलं. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी यांपलीकडे ज्यांची जीभ कधी गेली नाही, त्यांना पंचाहत्तरीत चॉकलेटची आठवण? मग उलगडा झाला. पांझरेच्या काठानं रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला होता. कच्च्या चॉकलेटनं रक्तदाब उतरतो, हृदय बळकट होतं, शिवाय लोह भरपूर! “आणि तुम्ही तर चॉकलेटच्याच देशात राहता,” असंही मामंजी म्हणाले.

मी माहेरची जळगावची, सासर धुळ्याचं. ह्यांच्या नोकरीमुळे गेली तीन वर्षं आम्ही हॉलंडमध्ये, अॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनला राहतो. मामंजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कोकोच्या बिया उतरवून घेणारं जगातलं सर्वांत मोठं बंदर अॅम्स्टरडॅमचंच. जवळच झांदामच्या बाजूला कोकोचे कारखाने आहेत. त्या भागातून जाताना भाजलेल्या कोकोचा असा काही वास येतो, की घरात लाडवांचं बेसन भाजत आल्याची आठवण व्हावी. म्हटलं, यात काय अवघड आहे? दुकानात जायचं नि घेऊन यायचं.

कसलं काय! कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात चॉकलेटची एक अख्खी भिंत होती. दुधाचं, बदामाचं, मिठाचं, मिरचीचंसुद्धा. पण ‘कच्चं’ म्हणून एकही नाही. शेवटी सेंद्रिय मालाच्या एका दुकानात ते सापडलं. पावडर, वड्या आणि बियांचे बारीक तुकडे. किंमत साध्या कोकोच्या तिप्पट. पाकिटावर लिहिलेलं, की हा माल ४५ अंशांच्या वर तापवलेला नाही. आता जळगावकरणीला ४५ अंशांचं काय कौतुक सांगता! मे महिन्यात आमच्या गच्चीवर ठेवलेलं सगळंच मग कच्चं म्हणायचं का? मी तिथल्या मुलीला विचारलं, “हे कोण तपासतं?” ती बिचारी प्रामाणिक. म्हणाली, “पाकिटावर असतं तेच मला ठाऊक.”

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की कच्चं चॉकलेट कशाला म्हणावं याची कायद्यानं ठरवलेली व्याख्याच नाही.

माझे डोळे खरे उघडले ते आठवडी बाजारात. तिथे सुरीनामच्या एक मावशी मसाले नि लोणची विकतात. त्यांचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशाकडून गेलेले; १८७३ साली ‘लल्ला रूख’ नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरीनामला गेलं, त्या गोतावळ्यातले. त्यांची बोली आपल्या हिंदीसारखी, त्यामुळे आमचं छान जमतं. त्यांच्या आजीच्या परसात कोकोची झाडं होती. माझ्या पिशवीतलं पाकीट पाहून त्या हसायलाच लागल्या. “अगं, आम्ही कधी कच्चं खाल्लं नाही. आजी बिया कढईत भाजायची, सोलायची, कुटायची, दालचिनी-जायफळ घालून वड्या थापायची. मग गरम दुधात घालून प्यायचं. कच्चं खाणार कोण, कडू नि आंबट!”

त्यांनी सांगितलं नि मी नंतर वाचलं, ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत ते चटकन समजतं. कोकोचं फळ पपईएवढं, थेट खोडावर लागतं. आत गोडसर पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया. त्या गरासकट ढीग करून, वर केळीची पानं झाकून पाच-सहा दिवस आंबवतात. (केळीचं नाव आलं, की जळगावचं माणूस सुखावतं. कोकोच्या कोवळ्या रोपांना सावलीही पुष्कळ ठिकाणी केळीचीच देतात.) आंबताना तो ढीग आपोआप तापतो, ४५ ते ५० अंशांपर्यंत. म्हणजे कच्चेपणाची ती रेघ शेतातच ओलांडली जाते! मग उन्हात वाळवणं, आणि त्यानंतर भाजणं. कच्चं म्हणून विकतात त्यात हे भाजणं तेवढं टाळलेलं असतं.

भाजण्यानं बियांमधला फ्लॅव्हनॉल नावाचा गुणकारी भाग थोडा कमी होतो, हे खरं. पण खरी घट होते ती दुसरीकडेच. कोकोचा रंग गडद व्हावा, कडवटपणा जावा म्हणून त्याला खाराची प्रक्रिया करतात. ही युक्ती हॉलंडच्या व्हान हाउटेन घराण्याची. कोकोतलं तूप दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट १८२८ मध्ये त्यांनीच घेतलं. या खारानं फ्लॅव्हनॉल निम्म्याहून जास्त उडून जातात. केकसाठी काळाभोर, मुलायम कोको आणतो ना आपण, तो बहुधा असाच. तेव्हा पाकिटावर ‘कच्चं’ शोधण्यापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावीत. ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले, तर खार घातलाय असं समजावं. खार न घातलेला साधा, फिकट तपकिरी कोको आपल्याकडेही मिळतो. कोकोची लागवड केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत होते, आणि सुपारी-कोको पिकवणाऱ्यांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. त्यासाठी हॉलंड गाठायला नको.

पण एवढं कळूनही मी ते पाकीट नेलंच. मामंजींचा शब्द कसा मोडायचा? एक पाकीट बियांच्या तुकड्यांचं, चार वड्या. आखाजीच्या उन्हात मुंबईहून धुळ्याला पोहोचेस्तोवर वड्यांचा लगदा झाला होता. कोकोचं तूप ३४ अंशांच्या आसपासच वितळतं, धुळ्याचं ऊन त्याला कसं मानवणार? रात्री घट्ट झाल्यावर वर पांढरट डाग आले. जाऊबाई टाकून द्यायला निघाल्या, म्हणाल्या बुरशी धरली. ती बुरशी नव्हे हं, वितळून वर आलेलं तूपच ते. चव उतरते, पण खायला हरकत नसते.

सासूबाईंनी बियांचा एक तुकडा दाताखाली धरला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “हाई काय शे व माय! कडू जहर!”

मामंजी मात्र औषध समजून रोज सकाळी निष्ठेनं चमचाभर तुकडे चावायला लागले. आम्हाला त्याचं कौतुकच वाटत होतं. चौदाव्या का पंधराव्या दिवशी अंघोळ करून आले नि ओसरीवर मटकन खालीच बसले. डोकं गरगरतंय म्हणाले. ह्यांनी रिक्षा आणली, डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब १८४ वर १०६! डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गोळी घेताय ना?” मामंजी गप्प. घरी येऊन पाहिलं, तर कपाटात गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. चॉकलेट सुरू केलं त्या दिवसापासून त्यांनी गोळी बंद केली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. “एकावेळी दोन-दोन औषधं कशाला?” हे त्यांचं म्हणणं.

मला रात्रभर झोप आली नाही. आणलं कुणी होतं? मीच ना!

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलेलं पुढे मी स्वतःही पडताळून पाहिलं. कोकोनं रक्तदाब उतरतो हे खोटं नाही, पण किती? २०१७ साली अशा पस्तीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी घट निघाली दोन अंकांहूनही कमी. १८४ चे १८२! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ मध्ये रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवायला कोकोतल्या २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलचा हातभार लागतो हे मान्य केलं; पण तेवढे मिळवायला फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेली पावडर अडीच ग्रॅम लागते, बाजारातली कुठलीही नव्हे. आणि अमेरिकेत २१ हजारांवर वयस्क माणसांना कोकोच्या अर्काच्या गोळ्या काही वर्षं देऊन पाहिल्या, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकारानं होणारे मृत्यू त्यात कमी दिसले, पण झटके वगैरे सगळे प्रकार मिळून पाहिलं तर ठाम म्हणावा असा फरक नव्हता. शिवाय तो अर्क होता, चॉकलेट नव्हतं. रक्तदाबाची गोळी सोडावी असं यातल्या एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही.

लोहाचं प्रकरण तर आपल्या बायकांनी नीट ऐकावं असं आहे. जळगावला माझ्या वहिनीचं हिमोग्लोबिन नऊ. मामंजींच्या ‘लोह भरपूर’वरून तिनंही रात्री दुधातून कोको सुरू केला, आणि त्याच दुधाबरोबर लोहाची गोळी! कोकोत लोह असतं, पण चहासारखाच तोही लोह अंगी लागू देत नाही. वर दूध, म्हणजे आणखी आडकाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, तेव्हा ही चूक एकट्या वहिनीची नसणार. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा, कोको, दूध दोन तासांच्या अंतरानं. वहिनीनं तसं केल्यावर तीन महिन्यांत आकडा साडेदहावर गेला.

आणखी दोन गोष्टी. न भाजलेल्या बियांवर रोगजंतू राहण्याची भीती असते, म्हणून गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी कच्च्याच्या वाटेला जाऊ नये. आणि गडद चॉकलेट गुणकारी म्हणून रोज वडीच्या वडी संपवणंही बरं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या एका संस्थेनं २८ गडद चॉकलेटं तपासली, तर सगळ्यांत शिसं नि कॅडमियम हे धातू कमी-अधिक सापडले. आवड म्हणून एखादा तुकडा खावा, आणि साखर किती आहे तेवढं पाहावं.

उरलेल्या बियांचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. सासूबाईंनी एका दुपारी ते तुकडे लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजले, शेंगदाण्यांबरोबर खलबत्त्यात कुटले, गूळ घालून सुपारीएवढे लाडू वळले. मुलं तुटून पडली. मामंजींना एक लाडू मिळाला, तोही गोळी डोळ्यांदेखत घेतल्यावर.

यंदाच्या यादीत मामंजींनी काही सांगितलेलं नाही. सासूबाईंनी मात्र त्या बियांचं आणखी एक पाकीट मागवलंय. भाजून मी घेईन म्हणाल्या.