हो म्हटलं तरी गुन्हा

कायद्याचं पुस्तक वाचून सहसा कुणी थक्क होत नाही. तरी भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ एकदा वाचाच. मुलगी म्हणते, मी राजीखुशीने आले. आईबाप म्हणतात, आम्हीच धाडली. नेणारा अंगठा उठवलेला कागद पुढे करतो. कलम म्हणतं, असू दे! पिळवणुकीसाठी धाक, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर करून माणूस आणला असेल, तर त्याची संमती बघायचीच नाही. ज्याच्या ताब्यात तो माणूस आहे त्याला पैसे चारून मिळवलेला होकारही आमिषातच धरलाय. म्हणजे हे लिहिणाऱ्याला गरिबाघरचा व्यवहार आतून ठाऊक होता! भरती करणारा, वाहून नेणारा, लपवणारा, ताब्यात घेणारा, सगळेच गुन्हेगार. त्यात पोलीस किंवा सरकारी नोकर सापडला तर मरेपर्यंत तुरुंग.

एवढं शहाणपण यायला दीडशे वर्षं गेली. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३७० 'गुलाम' म्हणून केलेली खरेदी-विक्रीच ओळखायचं. आता पावती फाडून गुलाम कोण विकतो? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ मध्ये ते कलम बदललं.

पण इथेच एक गंमत झाली, कडू गंमत. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात पिळवणुकीच्या व्याख्येत 'सक्तीची मजुरी' होती. दोन महिन्यांत संसदेचा कायदा आला, त्यातून ती गायब! २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत भीक मागायला लावणं आलं, मजुरी नाहीच. वकिलाने ती 'शारीरिक पिळवणुकी'त बसवत राहायची.

बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच्याच टोळीत. प्रत्येक उचल म्हणजे तस्करी, असं नव्हे. पण फड सोडायला निघालेल्याला अडवून ठेवलं की मामला वेगळा होतो. त्यासाठी १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सावकारानेच सिद्ध करायचं, ही त्यातली झकास तरतूद. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड! कडक कायदा हवा म्हणतो तो मी इथे. लैंगिक शोषणासाठी माणूस नेणाऱ्याला किमान सात वर्षं, तर राबवायला नेणाऱ्यालाही तेवढीच, आणि तीही शब्द न ओढताताणता.

२०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या तस्करीविरोधी विधेयकात सक्तीच्या मजुरीचा स्पष्ट उल्लेख होता. राज्यसभेत पडून राहून ते २०१९ मध्ये बाद झालं. व्याख्येसाठी नव्याने डोकं खाजवायचीही गरज नाही. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्येच न्या. भगवतींनी सांगून ठेवलंय, की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच.